दोघांनी मिळून एक रोबो: घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक्स शिकण्याची आमची पद्धत

नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि मी शिवणकाम शिकवते. त्याने एका शनिवारी तपकीर गल्लीतून पिशवीभर सामान आणलं, रविवारी टेबलावर मांडलं आणि "हे बघ, असं लावायचं" म्हणत एक दिवा लुकलुकता करून दाखवला. पुढच्या रविवारी त्याने मोटर फिरवून दाखवली. दोन्ही वेळा मला कौतुक वाटलं, पण माझ्या हाताला काहीच लागलं नव्हतं. तिसऱ्या रविवारी ते सगळं सामान डब्यात भरून माळ्यावर गेलं.

काही महिन्यांनी डबा खाली काढला तेव्हा आम्ही एकच नियम ठरवला: त्या कामातलं ज्याला कमी येतं, हात त्याचे. प्रोग्राम लिहायचा असेल तर कळफलक माझ्याकडे, डाग द्यायचा, म्हणजे वितळलेल्या धातूने वायर जोडायची असेल तर सोल्डरिंग आयर्न त्याच्याकडे, कारण बारीक काम मला सरावाचं आहे आणि त्याचा हात थरथरतो. ज्याला येतं त्याने शेजारी बसायचं, बोलायचं, पण वायरीला हात लावायचा नाही. हे ऐकायला सोपं वाटतं, पण समोरचा चुकीच्या भोकात वायर खुपसत असताना गप्प बसायला फार ताकद लागते. पाच मिनिटांचं काम चाळीस मिनिटं चालतं. तरीही त्या नियमामुळेच आज आमच्या हॉलमध्ये दोघांनी बनवलेली रोबो गाडी फिरते आणि ती बिघडली तर दोघांपैकी कोणीही ती दुरुस्त करू शकतं. पुढचं सगळं त्याच क्रमाने सांगते.

जागा आणि वेळ

वेगळी खोली लागत नाही. आम्हाला एक लाकडी पाट पुरला. अर्धवट सर्किट पाटावरच चिकटपट्टीने बसवायचं, जेवणाची वेळ झाली की पाट उचलून कपाटावर ठेवायचा, दुसऱ्या दिवशी तसाच खाली घ्यायचा. स्टीलच्या ताटात किंवा ट्रेमध्ये सर्किट मांडू नका. बोर्डाच्या खालच्या बाजूला डागांची टोकं उघडी असतात, ती धातूला टेकली की शॉर्ट होतं.

वेळेचं म्हणाल तर आठवड्यात दोन रात्री पाऊण पाऊण तास आणि रविवारची सकाळ. रात्री साडेदहानंतर काहीही जोडायचं नाही. दमलेल्या डोळ्यांनी उलटी लावलेली एक वायर दुसऱ्या दिवशीचा अख्खा तास खाते.

काय आणायचं

पुण्यात असाल तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत असाल तर ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड. दोघांनी जा. दुकानदाराला "बीओ मोटर" म्हटलं की तो पिवळ्या प्लास्टिकची गिअरवाली मोटर काढून देतो, "मेल-फिमेल जंपर" म्हटलं की वायरींचा पट्टा. हे शब्द दुकानातच तोंडात बसतात. गाव लांब असेल तर ऑनलाइन मिळतं, पण शक्य असेल तर पहिली खेप तरी हाताने निवडून आणावी.

पहिली खरेदी मल्टिमीटरची, म्हणजे व्होल्ट वगैरे मोजणाऱ्या मीटरची करा. साधा चालेल, मात्र दोन टोकं जोडलेली असली की बीप वाजवणारी सोय त्यात हवी. मग आर्डुइनो उनो किंवा त्याच्यासारखा बोर्ड (लॅपटॉपवरून प्रोग्राम टाकून चालवायचा), ८३० भोकांचा ब्रेडबोर्ड (डाग न देता वायरी खोचून सर्किट जोडायला), जंपर वायरी, प्रवाह आवरणारे २२० ओहमचे दहा-पंधरा रेझिस्टर, लाल एलईडी, तीन-चार पुश बटणं आणि तीन पेन्सिल सेल बसणारा होल्डर. गाडीचं सामान, म्हणजे दोन बीओ मोटरी, चाकं, चॅसी (गाडीचा सांगाडा), पुढचं गोल फिरणारं कॅस्टर, मोटर ड्रायव्हर आणि अंतर मोजणारा सेन्सर, हे महिन्याभराने आणा. "सदतीस सेन्सरचं किट" म्हणून डबे मिळतात ते आता घेऊ नका. त्यातले तीस सेन्सर तसेच पडून राहतात आणि न उघडलेल्या पुड्या बघून उगाच मागे पडल्यासारखं वाटतं.

आर्डुइनो बोर्ड मात्र एकच घ्या. दोन घेतले की दोघं दोन कोपऱ्यांत बसतात.

आधी आर्डुइनोशिवाय एक दिवा

आर्डुइनो ही २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावच्या एका डिझाइन संस्थेत विद्यार्थ्यांसाठी तयार झालेली गोष्ट. ती सोपीच आहे. तरी पहिल्या आठवड्यात तिला हात लावू नका. सेल, रेझिस्टर आणि एलईडी, एवढ्यावरच थांबा.

ब्रेडबोर्ड हातात घ्या. मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच भोकांच्या ओळी दिसतात. एका ओळीतली पाचही भोकं आतून एकाच पत्रीने जोडलेली असतात. शेजारची ओळ तिच्याशी जोडलेली नसते, खाचेपलीकडचीही नसते. कडेच्या लांब पट्ट्या लाल आणि निळ्या रेघेच्या, त्या वीज वाटण्यासाठी. हे मी सांगते म्हणून मानू नका. मीटर बीपवर ठेवा, दोन भोकांत वायरीचे तुकडे खोचा आणि ऐका. आम्ही संध्याकाळभर हेच केलं. एकाने आधी सांगायचं, "वाजेल" किंवा "नाही वाजणार", दुसऱ्याने मीटर टेकवायचा. त्यातच कळलं की आमच्या ब्रेडबोर्डाची लाल पट्टी मध्यावर तुटलेली आहे, वरचा अर्धा भाग खालच्याशी जोडलेलाच नाही. बऱ्याच मोठ्या ब्रेडबोर्डांवर तसं असतं आणि रंगीत रेघही तिथेच खंडित असते. नजरेला ते पटकन दिसत नाही.

आता हिशोब. तीन पेन्सिल सेल मिळून ४.५ व्होल्ट. लाल एलईडी त्यातले साधारण २ व्होल्ट स्वतःवर घेतो. उरले २.५. त्याला २२० ने भागा: ०.०११ अँपिअर, म्हणजे ११ मिलिअँप. साध्या एलईडीला तेवढा प्रवाह पुरतो आणि सोसतोही. २२० चा रेझिस्टर ओळखायचा लाल, लाल, तपकिरी पट्ट्यांवरून. एलईडीचा लांब पाय धनाकडे. दिवा लागला की मीटर घेऊन एलईडीच्या दोन पायांवर व्होल्ट मोजा, मग रेझिस्टरच्या दोन टोकांवर. दोन्ही आकड्यांची बेरीज सेलच्या व्होल्टइतकी येते. ती बेरीज वहीत मांडून जुळलेली पाहिली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे आपलं आहे. ताळा जमला की भीती जाते.

मग बोर्ड, बटण आणि वाट बघणं

आर्डुइनो बोर्ड लॅपटॉपला जोडला आणि त्यात पोर्टच (बोर्डाशी बोलायची वाट) दिसला नाही, तर आधी केबल बदला. मोबाइलच्या कितीतरी केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत माहिती नेणाऱ्या तारा नसतात. केबल ठीक असेल तर बोर्डावरची यूएसबीजवळची चिप बघा. स्वस्त बोर्डांवर बहुधा सीएच३४० असते आणि काही लॅपटॉपवर तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती ओळखणारं सॉफ्टवेअर, वेगळा टाकावा लागतो.

दिवा लुकलुकवणं अर्ध्या तासात होतं. खरं शिक्षण बटणापासून सुरू होतं. बटण बोर्डाच्या एका पिनला आणि ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या बाजूला) जोडलं, पिन साध्या इनपुटवर ठेवली, की दिवा भूत लागल्यासारखा स्वतःच लागतो आणि विझतो. बटण दाबलेलं नसताना ती पिन कशालाच जोडलेली नसते, हवेतल्या विजेच्या कुजबुजीवर ती डोलते. आमचा दिवा तर बोट जवळ नेलं तरी बदलायचा. उपाय बोर्डाच्या आतच आहे: पिन इनपुट-पुलअप म्हणून जाहीर करायची. मग मोकळी असताना ती ५ व्होल्टकडे ओढलेली राहते आणि बटण दाबलं की शून्यावर येते. म्हणजे दाबलं की "खाली", सोडलं की "वर". हे उलटं वाटतं, तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

आता दुसरी अडचण. दिवा दर सेकंदाला लुकलुकायला हवा आणि त्याच वेळी बटणही ऐकायला हवं. डिले, म्हणजे "इतका वेळ थांब" हा हुकूम, वापरला की बोर्ड तेवढा वेळ काहीच करत नाही, बटण दाबलेलं त्याला कळत नाही. माझ्या डोक्यात हे शिरेना. शेवटी नवरा म्हणाला, "अगं, तू कुकर लावतेस तेव्हा शिट्टी होईपर्यंत ओट्याशी उभी राहतेस का? लावल्याची वेळ बघतेस, भाजी चिरतेस, मधूनमधून घड्याळाकडे बघतेस." बस, कळलं. मिलिस म्हणजे ते घड्याळ. बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाली ते सांगतं. मागच्या वेळी दिवा कधी बदलला ते एका नावाखाली टिपून ठेवायचं, आत्ताच्या वेळेतून वजा करायचं, हजार भरले की बदलायचं, नाही भरले तर पुढच्या कामाला जायचं. यावर सलग तीन बैठका घालवा. रोबो चालवायचा तर हे आलंच पाहिजे, कारण त्याला चालता चालता बघायचं असतं.

हार्डवेअर हाताशी नसलेल्या दिवशी टिंकरकॅड या वेबसाइटवर हेच सर्किट पडद्यावर फुकट जोडून बघता येतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातही आर्डुइनोची मालिका आहे. ती एकेकट्याने न बघता दोघांनी एकत्र, थांबवत थांबवत बघा.

डाग देणं

मोटरीला वायरी जोडायच्या तर सोल्डरिंग आलं. २५ वॉटचं आयर्न पुरतं. पंखा बंद, खिडकी उघडी, तोंड धुराच्या बाजूला आणायचं नाही. नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून काम झालं की साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याला स्पर्श नाही, आणि लहान मूल घरात असेल तर तेवढा वेळ ते दुसऱ्या खोलीत.

टोक जोडावर टेकवा, दोन-तीन सेकंद जोड तापू द्या, मग सोल्डरची तार जोडाला लावा. तार आयर्नच्या टोकावर वितळवून ती जोडावर थापायची सवय लागते, ती मोडा. जोड नीट तापला असेल तर सोल्डर पाण्यासारखं पसरतं आणि डाग चकचकीत, उतरत्या कडांचा बसतो. गोळा बनून बसला असेल तर तो कच्चा. नवऱ्याचे पहिले सहा डाग गोळेच होते. मी शेजारी हाताची घडी घालून बसले आणि फक्त म्हणत राहिले, "अरे, अजून तापू दे." सातवा बसला. माझ्या शिवणवर्गात मी मुलींच्या हातातली सुई काढून घेत नाही, इथेही तेच.

बीओ मोटरीचे पत्र्याचे पाय नाजूक असतात, ओढले की निघून येतात. डाग दिल्यावर वायर मोटरीच्या अंगाला चिकटपट्टीने बांधून टाका. मोटरीच्या दोन पायांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा सिरॅमिक कपॅसिटर लावला तर तिच्या ठिणग्यांचा विजेतला गोंगाट बराच कमी होतो.

गाडीची वीज

सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात जास्त वाद इथे होतात, म्हणून जरा थांबून सांगते.

आर्डुइनोच्या पिनेतून २० मिलिअँपच्या वर घेऊ नये. मोटरीला चाक रिकामं फिरतानाही त्याच्या कितीतरी पट प्रवाह लागतो आणि सुरू होताना, अडकल्यावर तर आणखी. म्हणून मध्ये ड्रायव्हर हवा. आर्डुइनो फक्त हुकूम देतो, प्रवाह बॅटरीतून ड्रायव्हरमार्गे मोटरीला जातो. बाजारात एल२९८एन सर्रास मिळतो. तो दणकट आहे, पण वाटेत साधारण २ व्होल्ट खातो. चार पेन्सिल सेलचे ६ व्होल्ट दिले तर मोटरीपर्यंत चारच पोचतात. टीबी६६१२ हा छोटा ड्रायव्हर फार कमी खातो, मिळाला तर तो घ्या.

आमची पहिली गाडी चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीवर होती. चालू केली की चाकं एकदा हिसका देत, थांबत, पुन्हा हिसका देत. त्याला वाटलं माझा प्रोग्राम चुकला, मला वाटलं त्याची वायर सैल. दोन रात्री आम्ही एकमेकांचं काम तपासत बसलो. तिसऱ्या रात्री मी मीटरची टोकं बॅटरीवर धरली आणि त्याला म्हटलं, आता चालू कर. आकडा ९ वरून घसरत ५ च्याही खाली गेला, बोर्डावरचा दिवा विझून पुन्हा लागला, आकडा वर आला, पुन्हा घसरला. ती बॅटरी रिमोट, मीटर अशा कमी प्रवाहाच्या कामाची. मोटरी सुरू होताच ती दबते, बोर्ड उपाशी राहून रीसेट होतो, मोटरी थांबतात, बॅटरी सावरते आणि चक्र पुन्हा सुरू. प्रोग्रामही बरोबर होता आणि वायरीही.

त्या रात्रीपासून घरात एक वाक्य रूढ झालं: "मीटर काय म्हणतोय?" काही बिघडलं की आधी हे विचारायचं. "तू काय केलंस" हा प्रश्न त्यानंतर बहुतेक वेळा उरतच नाही.

बॅटरीसाठी आम्ही १८६५० जातीचे दोन लिथियम सेल एकामागे एक जोडले. प्रत्येक ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२, म्हणजे दोघांचे मिळून ८.४. एल२९८एनने दोन खाल्ले तरी मोटरीला सहाच्या आसपास मिळतात. हे सेल सांभाळून वापरा. त्यांच्याचसाठीचा चार्जर घ्या, रात्री झोपताना चार्जिंगला लावू नका, सुटे सेल किल्ल्या किंवा नाण्यांसोबत पिशवीत टाकू नका आणि आवरण फाटलेला सेल वापरू नका. एवढी काळजी नको असेल तर सहा रिचार्जेबल पेन्सिल सेल चालतील, गाडी थोडी जड होईल इतकंच.

आणि ग्राउंड. बॅटरीचा ऋण, ड्रायव्हरचा ग्राउंड आणि आर्डुइनोचा ग्राउंड हे तिन्ही एकमेकांना जोडलेले हवेत. त्याशिवाय आर्डुइनोच्या हुकमाला ड्रायव्हरच्या लेखी अर्थच नसतो. मोटर ढिम्म हलत नसेल तर पहिला बीप इथे घ्या.

प्रोग्राम, आधी मराठीत

लॅपटॉप उघडण्याआधी वही उघडा. आमच्या वहीतलं पान असं होतं: "पुढे जा. समोर २० सेंटिमीटरच्या आत काही आलं तर थांब. अर्धा सेकंद मागे ये. उजवीकडे वळ. पुन्हा बघ." या प्रत्येक वाक्याचं एक छोटं फंक्शन, म्हणजे एका नावाखाली बांधलेले हुकूम. चालण्याची फंक्शनं मी लिहिली, बघण्याचं त्याच्या तोंडून ऐकत मीच टंकलं. दर वीस मिनिटांनी जागा बदलायची ठरवलीत तर मोबाइलवर गजर लावा, नाहीतर ज्याला येतं तो खुर्ची सोडत नाही.

अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ हा सेन्सर वटवाघळासारखं काम करतो. त्याच्या ट्रिग पिनला १० मायक्रोसेकंदाचा ठोका दिला की तो आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला जितका वेळ लागला तितका वेळ इको पिन वर ठेवतो. आवाजाला जाऊन परत यायला दर सेंटिमीटरमागे साधारण ५८ मायक्रोसेकंद लागतात. १,१६० आले तर भागून २० सेंटिमीटर. आधी गाडीवर न बसवता टेबलावर मोजपट्टी ठेवून पंधरा-वीस मापं घ्या आणि पडद्यावरचे आकडे ताडून बघा.

इथे एक चूक आम्हाला आठवडाभर पुरली. मोकळ्या हॉलमध्ये गाडी मध्येच, समोर काहीच नसताना, थांबून मागे यायची. भिंतीजवळ मात्र शहाण्यासारखी वागायची. सिरिअल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डाने पाठवलेलं दाखवणाऱ्या लॅपटॉपवरच्या खिडकीत, आकडे छापून बघितले तेव्हा कळलं: प्रतिध्वनी आलाच नाही तर पल्स-इन हे फंक्शन शून्य देतं. आणि शून्य हे वीसपेक्षा कमी! गाडीला वाटायचं की भिंत नाकाला टेकली. शून्य आलं तर "रस्ता मोकळा" समजायचं, ही एक ओळ घातली. त्याच फंक्शनला कमाल किती वेळ थांबायचं तेही सांगा, २५,००० मायक्रोसेकंद पुरतात. न सांगितल्यास ते एक सेकंदापर्यंत ताटकळतं आणि तेवढ्यात गाडी बरंच अंतर काटते.

गाडी सरळ जात नाही म्हणून निराश होऊ नका. दोन मोटरी कधीच तंतोतंत सारख्या नसतात. वेग ० ते २५५ या आकड्यांत देता येतो. आमच्या गाडीची डावी १८० वर आणि उजवी २०० वर ठेवली तेव्हा ती फरशीच्या रेघेवरून सरळ गेली. तुमचे आकडे वेगळे येतील, तेही वहीत.

घराची ओळखही नव्याने होते. भिंत आणि कपाट गाडीला लांबून दिसतं. पडदा मात्र दिसत नाही, मऊ कापड आवाज पिऊन टाकतं. खुर्चीचे बारीक पाय निसटतात. तिरप्या टेकवलेल्या पाटावरून आवाज भलतीकडे उडतो. मी माझी एक सुती साडी दोरीवर घातली होती, गाडी सरळ तिच्यात शिरली आणि निऱ्यांत गुंडाळून बसली. सेन्सर किंचित खाली कलवला, पुढे एक पातळ पट्टी आणि तिच्यामागे ते जुनं पुश बटण लावलं. आता डोळ्याला दिसलं नाही तर नाकाला कळतं.

पुढची पायरी

ही गाडी मोडू नका. तिच्यावरच काळ्या रेघेवरून चालणारी गाडी होते. खाली तोंड केलेले दोन इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांचे) सेन्सर लावा. काळा रंग किरण शोषतो, पांढरी फरशी परत पाठवते. डाव्या सेन्सरखाली काळं आलं तर डावीकडे वळ, उजव्याखाली आलं तर उजवीकडे. रेघेसाठी वायरमनची काळी इन्सुलेशन टेप वापरा, वळणं मोठी ठेवा आणि आधी एक साधा लंबगोल काढा. जोडणी सोडण्याआधी प्रत्येक वेळी मोबाइलवर वरून एक आणि बाजूने एक फोटो घ्या. कुठली वायर कुठे होती हे चार दिवसांनी दोघांनाही वेगवेगळं आठवतं.

टेप फरशीवर चार दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, चिकटा राहतो. राहिलाच तर खोबरेल तेलाचं बोट फिरवा, दहा मिनिटं थांबा आणि जुन्या सुती फडक्याने पुसा.